गव्हर्नर आमच्याकडे आलाच नव्हता

'आरआरआर' सिनेमाच्या शेवटी भीम रामराजूकडे एकच गोष्ट मागतो. मला आणि माझ्या लोकांना लिहायला-वाचायला शिकव, म्हणतो. मग रामराजू झेंड्यावर 'जल, जंगल, जमीन' अशी अक्षरं काढून देतो. टॉकीजमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगांत आश्रमशाळेची मुलं बसली होती, गोंडांची, कोलामांची, परधानांची. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. माझे हात उचलले गेले नाहीत. हे तीन शब्द आमच्या आदिलाबादच्या डोंगरांतून निघाले, भीमाच्या तोंडून निघाले, आणि ते त्यालाच दुसऱ्या कुणी लिहून द्यावेत? एवढा वेळ मी मनाला समजावत होतो की सिनेमा आहे, थोडं इकडेतिकडे चालायचंच. त्या क्षणी समजावणं संपलं.

हे लिहायचं कारण, ज्यांनी आम्हाला तिथे नेलं ते अजूनही गावभर सांगतात की गुरुजींना चांगल्या कामात खोट काढायची सवयच आहे. म्हणून झालं ते सगळं एकदा मांडतो. शिवाय दर वर्षी कुणी ना कुणी मुलांना 'इतिहासाचा सिनेमा' दाखवायला नेतंच, त्यांच्या उपयोगी पडावं.

सिनेमा २५ मार्च २०२२ ला लागला. कोरोनामुळे पुन्हा पुन्हा पुढे ढकलला गेला होता, त्यामुळे वाट पाहून लोक अधीर झाले होते. पहिले काही दिवस तिकीट वाढवायला सरकारने परवानगी दिली होती. आमच्याकडच्या एका मंडळाच्या पोरांनी टूम काढली की मुलांना एकत्र न्यायचं, पालकांकडून वर्गणी घ्यायची आणि फलक लावायचा, 'आपल्या कोमराम भीमाचा इतिहास पडद्यावर'. मला म्हणाले, सर, तुम्ही दोन शब्द बोला, तुमच्या नावावर पालक पैसे देतील.

मी तेव्हाच विचारलं, फलकावर 'इतिहास' का लिहिता? दिग्दर्शक राजामौली स्वतः जाहीर सांगत आले होते की ही कल्पित गोष्ट आहे. अल्लुरी सीतारामराजू, म्हणजे सिनेमातला रामराजू, आणि भीम यांच्या आयुष्यातली काही वर्षं कुणाला नीट माहीत नाहीत, त्या काळात दोघे भेटले असते तर, अशी ती कल्पना. त्यांनी लपवलेलं नाही. लपवलं ते फलक लावणाऱ्यांनी. मी सांगितलं, 'सिनेमा' लिहा. ते म्हणाले, सर, सिनेमा लिहिलं तर आश्रमशाळेतून परवानगी कशी मिळणार? म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

बाहेरगावच्या वाचकाला वाटेल, एवढा जगभर गाजलेला सिनेमा, गाण्याला ऑस्कर मिळालं, तक्रार कसली? हैदराबादला, मुंबईला, अमेरिकेत बसून पाहणाऱ्याला कदाचित नसेल. नाच उत्तम आहे, मारामाऱ्या दणदणीत आहेत, ज्युनियर एनटीआरने जीव तोडून काम केलं आहे. पण इंग्रजी अमदानीचा सिनेमा म्हणून तो फार कच्चा आहे, आणि आदिलाबादच्या माणसाला तो कच्चेपणा पदोपदी टोचतो. गोष्ट घडते १९२० साली, दिल्लीत. दिल्लीला 'गव्हर्नर' दाखवलाय, स्कॉट बक्स्टन. त्या काळी दिल्लीचा कारभार चीफ कमिशनरकडे होता, वर व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड. गव्हर्नर नावाचं पदच तिथे नव्हतं. हे शोधायला कुठल्या मोठ्या ग्रंथालयात जावं लागत नाही. वाड्याच्या अंगणात जो नाच आहे तो युक्रेनमधल्या कीवच्या राजवाड्यासमोर चित्रित केलेला. इंग्रज बाई-बाप्ये नुसते क्रूर, मधे एक चांगली मुलगी. राज्य कसं चालायचं, कर कोण गोळा करायचं, जंगलाची चौकी कुणाच्या ताब्यात, याचा मागमूस नाही.

आणि खरा घोटाळा इथेच आहे. आदिलाबाद इंग्रजांच्या मुलखात नव्हतंच. आम्ही निजामाच्या राज्यात. पैनगंगा ओलांडली की पलीकडे यवतमाळ, वऱ्हाड, तिथे इंग्रजांचा कारभार. वर्धा नदीपलीकडे चांदा, म्हणजे मध्यप्रांत, तोही इंग्रजांचा. गुरं चारायचा कर, लाकूडफाट्याचा जाच, राखीव जंगलाच्या नावाखाली मोडलेल्या शेती, हे सगळं गोंडांनी सोसलं ते निजामाच्या अंमलदारांकडून, जंगलखात्याच्या चौकीदारांकडून आणि बाहेरून येऊन पट्टे मिळवणाऱ्यांकडून. भीम लढला त्यांच्याशी. सिनेमात निजामाचं काय होतं? त्याचा सल्लागार दिल्लीला जाऊन साहेबाच्या माणसांना इशारा देतो की उचलून आणलेली गोंड पोर परत द्या, या लोकांचा राखणदार आलाय. ज्याच्या पोलिसांनी भीमाला मारलं, तो दरबार गोष्टीत समजूतदार मध्यस्थ होऊन बसला.

२२ ऑक्टोबर २०२० ला, भीमाच्या जयंतीला, सिनेमातल्या भीमाची पहिली झलक आली तेव्हा केवढं वादळ उठलं होतं. भीमाच्या डोक्यावर मुसलमानी टोपी, डोळ्यांत सुरमा. आदिलाबादचे तेव्हाचे खासदार सोयम बापूराव यांनीही जाहीर हरकत घेतली. सगळी चर्चा टोपीभोवती फिरत राहिली. मी तेव्हाही म्हणत होतो, वेषांतर माणूस करतो, कथेत चालतं. वेष काय घातला ते सोडा, शत्रू कोण दाखवला ते विचारा. कुणी विचारलं नाही. टोपीचा वाद मिटला आणि निजाम गुपचूप सुटला.

आता चांद्याचं सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त तेच लागलं. आसिफाबादजवळच्या संकेपल्लीचा हा पोरगा. जमिनीच्या भांडणात भीमाच्या हातून सिद्दीक नावाचा माणूस मेला आणि भीमाला गाव सोडावं लागलं. तो नदी ओलांडून चांद्याला गेला, म्हणजे इंग्रजांच्या हद्दीत आसरा घ्यायला गेला. तिथे विठोबा नावाच्या छापखानेवाल्याने त्याला ठेवून घेतलं, आणि तिथेच भीम लिहायला-वाचायला शिकला. चांद्याचा छापखाना, विठोबासारखं नाव. तिथले खिळे कुठल्या अक्षरांचे असतील ते आम्हा मराठी माणसांना कुणी सांगायला नको. पुढे विठोबाला अटक झाली, भीम आसामच्या चहाच्या मळ्यांत गेला, तिथे मजुरांच्या चळवळीत पडला. सीतारामराजूच्या रंपा बंडाबद्दल, म्हणजे १९२२ ते २४ च्या लढ्याबद्दल, त्याने ऐकलं ते आसामात. राजूची आणि त्याची भेट कधी झालीच नाही. परत येऊन त्याने बारा गावांची मागणी मांडली, निजामाच्या दरबारात अर्ज-विनंत्या केल्या. अर्ज करणारा माणूस निरक्षर कसा? आणि १९४० मध्ये जोडेघाटला तो मारला गेला. सिनेमाने हे सगळं वीस वर्षं मागे ओढून दिल्लीत नेलं आणि वर त्याला अक्षरओळख नसलेला केला. रामराजूच्या हातात लेखणी, भीमाच्या हातात भाला. शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण हे आधीच ठरवून ठेवल्यासारखं.

भीम गेल्यावर निजाम सरकारला जाग आली आणि हायमेनडॉर्फ नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाला त्यांनी गोंडांमध्ये पाठवलं. मारलवाईला गोंड शिक्षक तयार करायची शाळा उभी राहिली. गोंडीचे वाचनपाठ तिथे झाले ते देवनागरीत. आमच्या भागात अक्षर असं आलं, भीमाच्या लढ्याच्या मागोमाग. हे सांगणारा सिनेमा केवढा मोठा झाला असता!

टॉकीजबाहेर मी त्या मंडळाच्या पुढाऱ्याला गाठलं. म्हटलं, बाबा रे, मुलांना इथेच पायऱ्यांवर बसवू, मी पंधरा मिनिटं बोलतो, खरं काय ते सांगतो. तुम्हीच तर मला बोलायला आणलं होतं. तो घड्याळ बघत म्हणाला, "सर, पोरं खुश आहेत, कशाला मूड घालवता? सिनेमा सिनेमासारखा बघायचा." सकाळी फलकावर इतिहास, संध्याकाळी सिनेमा सिनेमासारखा. मुलं ऑटोत, टेम्पोत बसून गेली. भाषण झालंच नाही. उरलेल्या वर्गणीचा हिशोब मागितला तेव्हा तर तो बोलेनासाच झाला, आणि मी खोडसाळ ठरलो ते तेव्हापासून.

पुढच्या जयंतीला एका शाळेत वक्तृत्व स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. सातवीतली एक गोंड मुलगी उठली. खणखणीत आवाज, न अडखळता बोलली. भीमाने दिल्लीला जाऊन इंग्रज गव्हर्नरला मारलं, आणि रामराजूने त्याला लिहायला शिकवलं, असं तिने सांगितलं. निजामाचं नाव तिच्या भाषणात एकदाही आलं नाही. तिला गुण कसे द्यायचे? जे तिला 'इतिहास' म्हणून दाखवलं तेच तिने सांगितलं. तिचा आजा जोडेघाटच्या बाजूचा, हे तिनेच मला नंतर सांगितलं. घरात खरी गोष्ट होती आणि पोरीच्या तोंडात सिनेमाची. मी तेव्हा मंडळाच्या पोरांना निरोप पाठवला की येऊन ऐका. कुणी आलं नाही.

म्हणून मुलांना असा सिनेमा दाखवायला नेणाऱ्यांना, शिक्षकांना, पालकांना सांगतो. आधी जोडेघाट दाखवा, मग सिनेमा. आता ते आसिफाबाद जिल्ह्यात गेलं, पण केरामेरीमार्गे रस्ता आहे, स्मारक आहे, संग्रहालय आहे. आश्विन पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागिरीला, तिथे भीमाच्या पुण्यतिथीला लोक जमतात. गर्दी असते, पण परधानांचं किकरी हे तंतुवाद्य ऐकायला मिळतं. मुलांनी ते आधी पाहिलं असेल तर पडद्यावर काय गाळलंय ते त्यांनाच दिसतं, तुम्हाला ओरडून सांगावं लागत नाही.

फलकावर, चिठ्ठीवर, पालकांच्या निरोपात 'इतिहास' हा शब्द कुणी घातला तर तो काढायला लावा. नाही काढला तर तुमचं नाव देऊ नका. सिनेमाच्या सुरुवातीला कल्पित असल्याची पाटी येते, ती येते तेव्हा निम्मे लोक जागा शोधत असतात. मुलांना वेळेआधी बसवा आणि ती पाटी मोठ्याने वाचून दाखवा. काही होत नाही, शेजारचे दोघे कुरकुरतील.

इंग्रजी अमदानीचा कुठलाही सिनेमा असो, मुलांना तीन गोष्टी विचारा: आपल्या गावावर तेव्हा राज्य कुणाचं होतं, नदीपलीकडे कुणाचं, आणि या गोष्टीतला माणूस त्या साली किती वर्षांचा होता. भीमाचा जन्म १९०१ चा धरतात. म्हणजे १९२० ला तो विशीतही नव्हता. एवढ्या तीन प्रश्नांत बहुतेक सिनेमे उघडे पडतात. निर्मल जवळ आहे, तिथल्या रामजी गोंडाची आणि हजार फाशांच्या वडाची गोष्ट मुलांना सांगा. १८६० च्या त्या लढ्यात इंग्रज आणि निजाम हातात हात घालून होते. आमच्या जिल्ह्याला इंग्रज दाखवायचाच असेल तर तिथे दाखवा.

अल्लाणी श्रीधर यांनी १९९० मध्ये भीमावर तेलुगूत सिनेमा केला होता. साधा, कमी पैशांतला. तो टॉकीजपर्यंत पोचायला २०१० उजाडलं. शाळेत दाखवायचा तर तो दाखवा. चकचकीत नाही म्हणून मुलं कंटाळतील असं म्हणू नका, मुलांना आपलं रान ओळखू येतं.

पैशाचा हिशोब लेखी घ्या. खर्च, उरलेली रक्कम, तिकिटांची पावती, सगळं. मुलांना पाणी, खाणं बरोबर द्या. तीन तासांचा सिनेमा असतो, लहानांना मधे नीट बाहेर नेऊन आणा. आणि त्याच दिवशी बोला. दुसऱ्या दिवसावर टाकलं की संपलं, तोवर गाणं पोरांच्या पायांत गेलेलं असतं.

गावातल्या गोंड म्हाताऱ्यांना शाळेत बोलवा. त्यांना भाषण करायला लावू नका, नुसतं बसवा आणि मुलांना विचारू द्या. ती वक्तृत्ववाली मुलगी आता आठवीत आहे. तिच्या आजाला मी शाळेत बोलावलं आहे, 'जय सेवा' म्हणून हो म्हणाला. मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली. त्या मंडळाने मला परत विचारलंय, यंदा दुसरा कुठला तरी राजांचा सिनेमा आहे, दोन शब्द बोलाल का म्हणून. मी कळवलंय, आधी गेल्या वेळचा हिशोब द्या, फलकाचा मजकूर मला दाखवा, आणि सिनेमा संपल्यावर मुलं पंधरा मिनिटं थांबतील हे कागदावर लिहून द्या. अजून उत्तर आलेलं नाही.