आधी सांधा, मग चकाकी

मे महिन्यातली दुपार होती. वडिलांची 1962 सालची फियाट 1100 घेऊन मी खंबाटकी घाट चढत होतो. एका वळणावर स्टिअरिंग जोर लावून ओढलं आणि तळहाताला चिमटा बसला. हाताखालचं लाकूड किंचित सरकलं होतं, आणि उघडून मिटलेल्या फटीत कातडी सापडली होती. गाडी कडेला घेतली तेव्हा तळवे चिकट झाले होते आणि पॉलिशवर माझ्या बोटांचे ठसे उमटले होते. ते स्टिअरिंग मी तीनच महिन्यांपूर्वी दुरुस्त केलं होतं.

वडिलांनी ते मुंबईच्या चोर बाजारातून आणलं होतं. महोगनीचं, अॅल्युमिनियमच्या तीन आऱ्यांचं. इटलीत एन्रिको नार्दी यांनी 1950च्या दशकात नावारूपाला आणलेल्या, आणि 1961च्या जॅग्वार ई-टाइपमध्येही दिसणाऱ्या धाटणीचं. मधे धातूचं कडं, त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या फाका, आणि सगळं सरसाने व रिव्हेटांनी जखडलेलं. ही घडण समजून न घेता मी कामाला लागलो, आणि पुढच्या सगळ्या चुका तिथूनच झाल्या.

जुनं व्हार्निश पापुद्र्यांनी सुटत होतं आणि दोन ठिकाणी भेगा होत्या. भेगांत मी फर्निचरची लांबी भरली. ड्रिलला पॉलिशपेपरची चकती लावून कडं आणि रिव्हेट एकदमच घासले. अॅल्युमिनियमची काळी भुकटी लाकडाच्या रंध्रांत गेली, ती कायमची. त्याहून मोठं नुकसान म्हणजे वडिलांचा उजवा अंगठा जिथे टेकायचा, तिथे लाकडाला आलेला हलका खळगा दहा मिनिटांत सपाट झाला. मग घरच्या कपाटांना पॉलिश करणाऱ्या कारागिराकडून लाखेचं फ्रेंच पॉलिश करून घेतलं. त्याने त्याचं काम चोख केलं होतं. चूक माझी होती, कारण स्टिअरिंगला मी फर्निचर समजलो.

लाख साधारण 70 ते 75 अंशांना मऊ पडते. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीचा पुढचा भाग त्या तापमानाला सहज पोचतो. ती स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणजे सॅनिटायझर लावलेला हातही तिला पुरतो. पावसाळी दमटपणाने तिच्यावर पांढरी झाक येते. कपाटाला यातलं फारसं काही सोसावं लागत नाही.

भेगेचं कारण आणखी खोल होतं. माझ्या कड्याचा परीघ सुमारे सव्वा मीटर. तापमान 40 अंशांनी वाढलं, तर एवढ्या लांबीचं अॅल्युमिनियम एक मिलिमीटरहून थोडं जास्त वाढतं. लाकूड रेषांच्या दिशेने जेमतेम त्याच्या पाव पट. ही ओढाताण रोज त्या सरसाच्या थरावर पडते. पावसाळ्यात लाकूड आडवं फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. सांधा सुटला होता आणि मी त्याच्यावर लांबी थापली होती.

दुसऱ्या वेळी सहा आठवडे घेतले. त्यातून जे शिकलो ते असं.

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, नाहीतर हॉर्नच्या जोडणीत शॉर्ट होऊ शकतो. चाकं सरळ ठेवून दांडा आणि स्टिअरिंगचा मधला भाग यांवर जुळणारी खूण करा. स्टिअरिंग पुलर लावूनच काढा. हातोडीचे ठोके दांड्यावाटे आतल्या बेअरिंगपर्यंत जातात. पुलर ओढत असताना नट दोन आट्यांवर राहू द्या, म्हणजे स्टिअरिंग एकदम निसटून तोंडावर येणार नाही.

मग पूर्ण कड्यावर बोटाच्या पेराने टकटक करा. घट्ट जागी आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या जागी बद्द. बद्द आवाजाच्या जागा खडूने नोंदवा. आरा तडकला असेल, धातूचं कडं वाकलं असेल किंवा रिव्हेट हलत असतील, तर ते स्टिअरिंग भिंतीवर लावा, गाडीत नको. तुमचा आणि सोबतच्या माणसांचा जीव त्यावर असतो.

जुनं व्हार्निश स्क्रेपरने, हाताने काढा. हीट गनने सरस सुटतो. कॉस्टिक सोडा लाकूड काळं करतो आणि अॅल्युमिनियम खातो. आऱ्यांवर आणि रिव्हेटांवर चिकटपट्टी लावा. 180 नंबरच्या कागदाने सुरुवात करून 320पर्यंत जा, रेषांच्या दिशेनेच. तोंडाला मास्क हवाच. झिजेच्या खुणा दिसल्या की थांबा. त्या पुन्हा आणता येत नाहीत.

सुटलेल्या सांध्यात 24 तासांत पक्कं होणारं पातळ इपॉक्सी सोडा. लाकूड आधी किंचित कोमट केलं की ते आतपर्यंत उतरतं. क्लॅम्प गोल कड्यावर घसरतात, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळा, खाली प्लास्टिकचा कागद घाला. दाब सगळीकडे सारखा बसतो. बारीक फटींसाठी त्याच लाकडाची भुकटी इपॉक्सीत कालवा.

शेवटचा थर बोटींच्या लाकडाला लावतात त्या लवचिक, ऊन सोसणाऱ्या व्हार्निशचा. मी आठ पातळ हात दिले, दोन हातांमध्ये एक दिवस आणि 400 नंबरची हलकी घासणी. स्प्रेने मारायचं दोन घटकांचं पॉलियुरेथेन (पीयू) व्हार्निश टिकाऊ असतं, पण त्याची वाफ फुप्फुसांना घातक आहे; ते काम गाड्या रंगवणाऱ्या कारागिरावर सोडा. हात लावून कोरडं वाटलं तरी तीन आठवडे स्टिअरिंग वापरू नका. मी घाई न करण्याचं शिकलो ते इथे.

त्यानंतर चार उन्हाळे गेले. गाडी उन्हात उभी करावी लागली तर स्टिअरिंगवर सुती कापड टाकतो. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालण्याआधी कड्यावरून पेर फिरवत टकटक करतो. अजून सगळीकडे आवाज खणखणीत येतो. ज्या दिवशी एका जागी बद्द येईल, त्या दिवशी गाडी बाहेर काढणार नाही.