वेग कोठे हरवतो?

प्रस्तावना

घरी राहून शिकणाऱ्याचा वर्ग आज पुष्कळदा हातातल्या फोनवरच भरतो. पाठाची चित्रफीत पाहणे, परीक्षेचा अर्ज भरणे, शुल्क जमा करणे, प्रवेशपत्र उतरवून घेणे ही सारी कामे इंटरनेटवर होतात. अर्जाची मुदत त्याच रात्री संपणार असावी आणि पडद्यावर नुसते चक्र फिरत राहावे, असा प्रसंग आपणांपैकी अनेकांनी अनुभवला असेल. त्रासलेला माणूस मग दरमहा अधिक पैसे भरून मोठी योजना घेतो; आणि तरीही चक्र फिरतच राहते. कारण वेग हरवलेला असतो तो दुसऱ्याच ठिकाणी. तो कोठे हरवला आहे, हे पैसे खर्च करण्यापूर्वी कसे शोधावे, ते या माहितीपर पाठात आपण पाहणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण
• जोडणीचे बाहेरचा व घरातला असे दोन टप्पे वेगळे करू शकाल;
• वेग मोजून दोष कोणत्या टप्प्यात आहे ते सांगू शकाल;
• राऊटरची योग्य जागा कारणांसह निवडू शकाल;
• परभाषेतून आलेल्या शब्दांचे मराठीतील लिंग ओळखू शकाल.

मूळ पाठ

१. एक वाट, दोन टप्पे

इंटरनेट आपल्या फोनपर्यंत दोन टप्प्यांत येते. पहिला टप्पा बाहेरचा : कंपनीच्या केंद्रापासून आपल्या घरातील राऊटरपर्यंत. ही वाट काचतंतूच्या केबलमधून येते किंवा मनोऱ्यावरून लहरींच्या रूपाने येते. ५जी सेवा भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये 'एअरफायबर' या नावाने मनोऱ्यावरून घरात इंटरनेट देणाऱ्या सेवा शहरांत आल्या. दुसरा टप्पा घरातला : राऊटरपासून फोन किंवा संगणकापर्यंत. या टप्प्यालाच आपण वाय-फाय म्हणतो.

नळाचे उदाहरण घेऊ. नगरपालिकेची मोठी वाहिनी दारापर्यंत भरून वाहत असली, तरी घरातील नळी दुमडलेली असेल तर बादली भरणार नाही. अशा वेळी नगरपालिकेकडे अधिक पाणी मागून उपयोग नाही. नळी सरळ केली पाहिजे. इंटरनेटचेही तसेच आहे. दोन टप्प्यांपैकी जो मंद, त्याचाच वेग आपल्या वाट्याला येतो.

२. प्रथम मोजा

योजनेवर '४० एमबीपीएस' असे लिहिलेले असते. याचा अर्थ सेकंदाला ४० मेगाबिट. फाइलचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये सांगतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून ४० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त ५ मेगाबाइट उतरतील. हा हिशेब ठाऊक नसल्यामुळे पुष्कळांना आपली फसवणूक झाली असे वाटते.

वेग मोजण्यासाठी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१६ मध्ये 'मायस्पीड' हे अ‍ॅप काढले. मोजणी करताना फोनमधील मोबाइल डेटा बंद ठेवावा, घरातील इतरांना काही काळ इंटरनेट वापरू नका असे सांगावे आणि प्रत्येक ठिकाणी तीन वेळा मोजून मधला आकडा लिहून ठेवावा. पहिली मोजणी राऊटरपासून दोन-तीन पावलांवर करावी, दुसरी मधल्या खोलीत आणि तिसरी आपण नेहमी अभ्यासाला बसतो तेथे. संगणक राऊटरला तारेने जोडता आला, तर पहिली मोजणी अधिक खात्रीची होते.

समजा, एका घरी ४० एमबीपीएसची योजना आहे. राऊटर बाहेरच्या खोलीत लोखंडी कपाटामागे जमिनीवर आहे. मोजणीचे आकडे उदाहरणादाखल असे आले :

राऊटरजवळ – ३८
मधल्या खोलीत – २१
मागील खोलीत – ४

हे आकडे काय सांगतात? कंपनीने कबूल केलेला वेग दारापर्यंत जवळजवळ पूर्ण येत आहे. तो हरवतो घरात. या कुटुंबाने १०० एमबीपीएसची योजना घेतली, तर राऊटरजवळचा आकडा वाढेल. परंतु मागील खोलीत, जेथे मुलगी अभ्यास करते, तेथे तो ४ च्या आसपासच राहील. याउलट राऊटरजवळच ४ आला असता, तर राऊटर हलवून काही साधले नसते. तेव्हा दोष बाहेरच्या टप्प्यात शोधावा लागला असता.

३. लहरी आणि भिंती

वाय-फायच्या लहरी राऊटरपासून चहूकडे पसरतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की तेथे पोहोचणारी शक्ती एक चतुर्थांश उरते. घरात तर त्यात भिंतींची भर पडते. लाकूड व प्लास्टिक यांतून लहरी सहज जातात. विटांची भिंत त्यांना क्षीण करते. लोखंडी सळ्या असलेला काँक्रीटचा स्लॅब त्याहून अधिक. धातूचे कपाट, फ्रिज आणि पाठीमागे धातूचा मुलामा असलेला आरसा लहरींना परतवतात. पाणी त्या शोषून घेते. म्हणून पाण्याची टाकी किंवा भरलेला पिंप हाही अडथळाच होय.

बहुतेक नव्या राऊटरांतून दोन प्रकारच्या लहरी निघतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. ती भिंतीपलीकडे बरी पोहोचते, परंतु तिच्यावर गर्दी फार. भारतात २००५ मध्ये हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याशिवाय खुला झाला. त्यामुळे शेजाऱ्यांचे राऊटर व ब्लूटूथची साधने याच पट्ट्यात काम करतात आणि मायक्रोवेव्ह भट्टीतून निसटणाऱ्या लहरीही त्यातच मिसळतात. ५ गिगाहर्ट्झची लहर सुमारे सहा सेंटिमीटरची असते. ती अधिक वेग देते आणि तेथे जागाही प्रशस्त असते. मात्र भिंतीपुढे ती लवकर थकते. म्हणून राऊटर असलेल्याच खोलीत ५ गिगाहर्ट्झ आणि दोन भिंतींपलीकडे २.४ गिगाहर्ट्झ, हा साधा नियम ध्यानात ठेवावा.

फोनवरील सिग्नलच्या रेघा लहरींची शक्ती दाखवतात, वेग नव्हे. रेघा पूर्ण असूनही वेग कमी असेल, तर कारण गर्दी तरी असते किंवा बाहेरचा टप्पा तरी.

माहीत करून घ्या : १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी तारेवाचून लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली. काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर त्यांनी संशोधन केले होते. आजच्या ५जी सेवेतील काही लहरी त्याच जातीच्या आहेत.

४. घरातला टप्पा कसा सुधारावा?

राऊटर घराच्या शक्य तितक्या मध्यभागी, माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर आणि मोकळ्यावर ठेवावा. केबल जेथून आत येते तेथेच तो टांगून ठेवण्याची रीत सोयीची असली, तरी योग्य असतेच असे नाही. दांडीसारख्या अँटेनाच्या टोकाकडून लहरी फारशा निघत नाहीत. त्या दांडीच्या सभोवती पसरतात. म्हणून एकाच मजल्याचे घर असल्यास दांड्या उभ्या ठेवाव्यात. वरच्या मजल्यावर सिग्नल हवा असल्यास एक दांडी आडवी करून पाहावी.

शेजारी अनेक राऊटर असतील, तर २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ व ११ यांपैकी कमी गर्दीचे चॅनेल राऊटरच्या सेटिंगमध्ये निवडावे. ही तीन चॅनेले एकमेकांच्या हद्दीत शिरत नाहीत. वाय-फायचा पासवर्ड लांब व अवघड ठेवावा. अनोळखी उपकरणे जोडली गेली, तर वेग वाटला जातो आणि आपली माहितीही धोक्यात येते.

वर सांगितलेल्या कुटुंबाने राऊटर कपाटामागून काढून मधल्या दारावरील फळीवर ठेवला, तर मागील खोलीतला आकडा ४ वरून पाठाची चित्रफीत न अडखळता चालेल इतका वाढू शकतो. खर्च काय? काही मीटर केबलचा.

इतके करूनही एखादी खोली कोरडीच राहिली, तर तेथपर्यंत तार नेऊन दुसरे वाय-फाय उपकरण बसवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. तार नेता येत नसेल, तर सिग्नल पुढे पाठवणारा रिपीटर घेता येतो. परंतु साधा रिपीटर एकाच लहरीवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून त्याच्यापुढील वेग जवळपास निम्मा होतो. तो कोरड्या खोलीत ठेवू नये. जेथे सिग्नल अजून चांगला आहे अशा मधल्या जागी ठेवावा. ज्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नाही, तो दुसऱ्याला काय सांगणार?

५. बाहेरचा टप्पा मंद असेल तर

मनोऱ्यावरून येणारे इंटरनेट असल्यास ते ग्रहण करणारे उपकरण मनोऱ्याच्या दिशेच्या खिडकीत किंवा गच्चीवर बसवावे. अवघ्या एक-दोन हातांच्या फरकानेही आकडा बदलतो, म्हणून जागा बदलून मोजत राहावे. मनोऱ्याची क्षमता त्या भागातील सर्व ग्राहकांत वाटली जाते. पहाटे वेग भरपूर आणि रात्री नऊला अगदीच कमी असेल, तर ते गर्दीचे लक्षण समजावे. अशा वेळी मोठ्या फायली पहाटे उतरवून ठेवणे शहाणपणाचे.

राऊटरजवळचा वेग दिवसाच्या सर्व वेळी कबूल केल्यापेक्षा बराच कमी असेल, तर कंपनीकडे तक्रार करावी आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा. निवारण न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते. 'नेट हळू चालते' एवढे सांगण्यापेक्षा तारीख, वेळ आणि आकडे लिहिलेला कागद पुढे ठेवावा. मग तुमचेच काही चुकत असेल असे म्हणून कोणी आपली बोळवण करू शकत नाही. किमान किती वेगाला 'ब्रॉडबँड' म्हणावे, हेही सरकारने ठरवले आहे : २००४ च्या धोरणात ती मर्यादा २५६ केबीपीएस होती, जानेवारी २०२३ मध्ये ती २ एमबीपीएस करण्यात आली.

आशय समजून घेऊ या

या पाठातील विचाराचा क्रम पाहा : आधी मोजणे, मग दोषाचा टप्पा ठरवणे, नंतर एका वेळी एकच बदल करून पुन्हा मोजणे आणि खर्च सर्वांत शेवटी. एकाच वेळी राऊटर हलवला, चॅनेलही बदलले आणि योजनाही वाढवली, तर गुण कशाने आला ते कळत नाही. ही पद्धत इंटरनेटपुरती नाही. विजेचे बिल अचानक वाढले किंवा पंप पाणी कमी ओढू लागला, तरी हीच उपयोगी पडते.

भाषाभ्यास

(अ) परभाषेतून आलेला शब्द मराठीत येताना लिंग धारण करतो : तो राऊटर, ती केबल, ती फाइल, ते चॅनेल. त्याला मराठी प्रत्ययही लागतात : राऊटरपासून, केबलमधून, फायलींचा.

(आ) 'नळी दुमडलेली असेल तर बादली भरणार नाही.' या वाक्यात एक गोष्ट दुसरीवर अवलंबून आहे. जर–तर ही संकेतबोधक उभयान्वयी अव्यये होत. येथे 'जर' अध्याहृत आहे.

पाठगत प्रश्न

१. राऊटरजवळ वेग ३८ व मागील खोलीत ४ असेल, तर दोष कोणत्या टप्प्यात आहे?
२. १६ एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त किती मेगाबाइट उतरतील?
३. रिपीटर कोरड्या खोलीत का ठेवू नये?

पाठान्त प्रश्न

१. 'सिग्नलच्या रेघा पूर्ण असल्या म्हणजे वेग चांगला असतो.' हे विधान योग्य की अयोग्य, ते सकारण लिहा.
२. आपल्या किंवा शेजारच्या घरात तीन ठिकाणी वेग मोजा आणि निष्कर्ष आठ ते दहा ओळींत लिहा.
३. वेग सतत कमी मिळत असल्याबद्दल कंपनीला तक्रारीचे पत्र लिहा. पत्रात तारीख, वेळ व मोजलेले आकडे यांचा उल्लेख करा.
४. 'जर–तर' वापरून पाठाच्या आशयावर आधारित तीन वाक्ये तयार करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. घरातल्या टप्प्यात. २. २ मेगाबाइट. ३. तेथे रिपीटरलाच सिग्नल क्षीण मिळतो, त्यामुळे तो पुढेही क्षीण वेगच देऊ शकतो.