बटाट्याचे बेणे : कापताना घ्यावयाची काळजी

बटाट्याच्या लागवडीत सर्वांत मोठा खर्च बेण्याचा असतो. हेक्टरी 15 ते 20 क्विंटल बेणे लागते. म्हणून आपण मोठे बटाटे कापून लावतो. आयर्लंडमधील लहान शेतकरी कुटुंबेही घरचेच बटाटे राखून, त्यांच्या फोडी करून उंच वाफ्यांवर लावीत. परंतु बहुतेकांकडे एकच जात होती. 1845 साली तेथे करपा आला, रोगट बेण्यातून पुढील हंगामातही टिकला आणि त्या दुष्काळात सुमारे 10 लाख माणसे दगावली. बेणे रोगट असेल तर पुढची मेहनत वाया जाते.

बेण्याची निवड

नागपूर भागात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो. अशा उष्णतेत घरी ठेवलेले बेणे सडते. माव्यामुळे पसरणारे विषाणूजन्य रोगही बेण्यातून पुढील पिकात येतात. म्हणून शीतगृहातील प्रमाणित बेणेच घ्यावे. कुफरी लवकर, कुफरी ज्योती किंवा उष्णता सहन करणारी कुफरी सूर्या यांपैकी जात निवडावी.

बेणे कसे कापावे?

1) लागवडीपूर्वी 8 ते 10 दिवस बेणे शीतगृहातून काढून सावलीत, हवेशीर जागी पसरावे. कोंब फुटू लागतात.

2) 30 ते 40 ग्रॅमचे बटाटे न कापता लावावेत. मोठे बटाटे उभे कापावेत. प्रत्येक फोड किमान 25 ते 30 ग्रॅमची असावी व तिला दोन तरी डोळे असावेत.

3) कापल्यावर आत तपकिरी कडे दिसले किंवा दाबल्यावर पांढरट चिकट द्रव आला, तर तो जिवाणूजन्य मर रोग समजावा. असा बटाटा नष्ट करावा व विळा स्पिरिटने पुसूनच पुढचा बटाटा कापावा.

4) फोडी ढीग न करता सावलीत एक-दोन दिवस पसराव्यात. कापलेल्या भागावर साल धरली म्हणजे त्या सडत नाहीत.

लागवड

जमीन तापलेली असताना फोडी कुजतात. म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लागवड करावी. आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचते. त्यासाठी रान ओलवून, वाफसा आल्यावर वरंब्यावर 15 ते 20 सें.मी. अंतराने फोडी लावाव्यात. पाणी हलके द्यावे. ते वरंब्याच्या अर्ध्यापेक्षा वर चढू देऊ नये. महिन्याने मातीची भर द्यावी. उघडे राहिलेले बटाटे हिरवे पडतात व खाण्यास अपायकारक ठरतात.

भर देताना एका ओळीतील 100 जागा मोजाव्यात. त्यांपैकी किती जागा रिकाम्या आहेत व तेथील फोडी कुजल्या आहेत काय, हे उकरून पाहावे. त्यावरून पुढील वर्षी बेणे कापावे की अखंड लावावे, हे आपले आपल्यालाच ठरविता येईल.