विधानसभेचा एक दिवस आणि आपला साकव
(नागरिकशास्त्र, इयत्ता सातवी)



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी मला ‘विधानसभेचे कामकाज’ हा विषय दिला. सदस्य किती, मुदत किती, हे आपल्याला पुस्तकात वाचायला मिळते. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथे नक्की काय चालते आणि त्याचा आपल्या पाड्याशी काय संबंध, हे मला जास्त महत्त्वाचे वाटले. म्हणून गुरुजींना विचारून आणि सभागृहातल्या प्रश्नोत्तरांच्या याद्या पाहून मी ही माहिती लिहिली आहे.

उदाहरणासाठी आपल्या रोजच्या पाहण्यातला विषय घेतला आहे. आपल्या शाळेच्या अलीकडे ओहोळ आहे. त्यावर साकव नाही. जोराचा पाऊस झाला की पलीकडच्या पाड्यातल्या मुलांची हजेरीपटावर गैरहजेरी लागते. पहिली-दुसरीतली लहान मुले तर बापाच्या खांद्यावर बसून पाणी ओलांडतात. हा साकव विधानसभेच्या दिवसात कुठे येतो, ते आपण पाहू.

१. सभागृहाची ओळख

महाराष्ट्र विधानसभेत २८८ आमदार असतात. त्यांतले ६ आपल्या पालघर जिल्ह्यातून निवडून जातात : डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, नालासोपारा आणि वसई. पहिले चार मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. १ ऑगस्ट २०१४ पूर्वी आपण ठाणे जिल्ह्यात होतो.

मुंबईचे विधान भवन नरिमन पॉइंटला आहे. बोईसरहून चर्चगेटची लोकल पकडली की सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास होतो, आणि चर्चगेटहून चालत जाता येते. १९८१ साली ही इमारत सुरू झाली. त्याआधी कुलाब्याजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये सभागृह भरत असे. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन साधारणपणे मुंबईत होते, हिवाळी अधिवेशन नागपूरला होते.

सभागृहात उंच आसनावर अध्यक्ष बसतात. त्यांच्या उजव्या हाताला सरकार पक्ष आणि डाव्या हाताला विरोधी पक्ष असतो. मला एक नियम फार आवडला. आमदार एकमेकांशी थेट बोलत नाहीत. कितीही राग आला तरी जे बोलायचे ते अध्यक्षांना उद्देशून बोलायचे. आपल्या वर्गात दोघे भांडले की गुरुजी म्हणतात ना, “मला सांगा, एकमेकांना नको!” अगदी तसेच.

कामकाज चालायला एकूण सदस्यांपैकी एक दशांश तरी हजर लागतात. याला गणपूर्ती म्हणतात. २८८ चा एक दशांश म्हणजे किमान २९ सदस्य. गणपूर्ती नसेल तर कामकाज थांबवावे लागते. म्हणजे हजेरीचे महत्त्व तिथेही आहेच.

२. प्रश्नोत्तराचा तास

बैठक बहुधा सकाळी ११ वाजता सुरू होते. घंटा वाजते, अध्यक्ष येतात, सर्व सदस्य उभे राहतात. एरवीच्या दिवशी पहिला तास प्रश्नांचा असतो. सरकारचे विधेयक असो की आणखी काही, आधी लोकांचे प्रश्न, मग बाकीचे काम!

ज्या प्रश्नावर चांदणीची खूण असते तो तारांकित प्रश्न. त्याचे उत्तर मंत्र्यांनी सभागृहात उभे राहून द्यायचे असते आणि त्यावर इतर आमदारही उपप्रश्न विचारू शकतात. खूण नसलेला तो अतारांकित प्रश्न. त्याचे उत्तर फक्त लेखी मिळते.

प्रश्न मनाला येईल तसा विचारून चालत नाही. तो बरेच दिवस आधी लेखी द्यावा लागतो. त्यात भाषण नको, टोमणा नको, नुसता आरोप नको. याद्या वाचताना मला दिसले की जवळजवळ सगळे प्रश्न एकाच साच्यात असतात. त्या साच्यात मी आपला साकव घालून पाहिला :

मा. ग्रामविकास मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :
(१) पालघर तालुक्यातील अमुक पाड्यातील मुलांना पावसाळ्यात ओहोळातून वाट काढत शाळेत जावे लागते, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, या ओहोळावर साकव बांधावा असा ठराव ग्रामसभेने केला आहे, हेही खरे आहे काय;
(३) असल्यास, साकव बांधण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली आहे वा करण्यात येत आहे;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

हा प्रश्न मी सरावासाठी केला आहे. खरा प्रश्न फक्त आमदारच देऊ शकतात. पण साचा नीट पाहा. आधी गोष्ट खरी आहे की नाही ते विचारायचे, मग काय केले ते विचारायचे, आणि काही केले नसेल तर ‘का नाही’ ते विचारायचे. यातून निसटायला वाट कमी राहते.

३. उत्तर कुठून येते?

मला वाटायचे की मंत्र्यांना सगळे तोंडपाठ असते. तसे नसते. प्रश्न मंत्रालयात खात्याकडे जातो. तिथून जिल्हा परिषदेकडे, पंचायत समितीकडे आणि मग ग्रामपंचायतीकडे विचारणा येते. गावच्या दप्तरात जे लिहिलेले सापडेल तेच पुन्हा एकेक पायरी वर चढत मुंबईला पोहोचते. मुंबईत बोलले जाणारे उत्तर आपल्याच गावातल्या कागदावरून तयार होते!

उत्तरांचेही ठरलेले शब्द आहेत. ‘हे खरे आहे.’ ‘अंशतः खरे आहे.’ ‘हे खरे नाही.’ आणि चौथे, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ वरच्या कलमाला नकार आला की पुढच्या कलमांना बहुधा हेच उत्तर मिळते.

आता आपल्या साकवाचे दुसरे कलम पुन्हा वाचा. समजा, ग्रामसभेत साकवावर सगळे तावातावाने बोलले, पण ठराव लिहिलाच नाही. दप्तर उघडल्यावर काय सापडेल? काहीच नाही. मग उत्तर येईल, ‘हे खरे नाही,’ आणि पुढे, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ ओहोळ तर तिथेच आहे, पाणीही आहे, मुलेही भिजत आहेत. पण कागदावर आपला प्रश्नच उद्भवला नाही!

४. कोणता प्रश्न कोणाला?

चुकीच्या दारात प्रश्न नेला तर तो नुसता परत येतो. म्हणून मी आपल्या भागातली उदाहरणे घेऊन यादी केली आहे.

संसदेत विचारायचे : तारापूरचे अणुवीज केंद्र (हे १९६९ साली सुरू झाले, देशातले पहिले) आणि पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्या. अणुऊर्जा आणि रेल्वे हे केंद्र सरकारचे विषय आहेत. ते आपल्या खासदारांनी दिल्लीत मांडायचे.

विधानसभेत विचारायचे : सरकारी दवाखाना, पोलीस ठाणे, एस.टी., सूर्या प्रकल्पाच्या धामणी धरणाचे कालव्याचे पाणी, जिल्हा परिषद शाळांतील शिक्षकांच्या जागा. बोईसर-तारापूर एम.आय.डी.सी.तल्या सांडपाण्यावर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ लक्ष ठेवते. ते राज्याचे मंडळ आहे, म्हणून तो प्रश्नही इथेच विचारता येतो.

गावातच सोडवायचे : पाड्यातला दिवा, नळ, गटार. यासाठी आधी ग्रामपंचायत.

साकवाची मागणी गावाने करायची, काम बहुधा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असते आणि पैसा बराचसा राज्याकडून येतो. म्हणून तो विधानसभेत पोहोचू शकतो.

५. दुपारनंतरचे काम

प्रश्नांचा तास संपला की निरनिराळ्या खात्यांचे अहवाल व कागदपत्रे सभागृहापुढे ठेवतात. मग लक्षवेधी सूचना येतात. नावातच अर्थ आहे. कारखान्यात स्फोट होऊन कामगार दगावले, अवकाळी पावसाने भाताची उडवी भिजली, अशा तातडीच्या गोष्टीकडे आमदार सरकारचे लक्ष वेधतात आणि मंत्र्यांना निवेदन करावे लागते.

त्यानंतर विधेयके. विधेयक म्हणजे कायद्याचा कच्चा मसुदा. तो मांडतात, चर्चा करतात, एकेक कलम तपासतात आणि शेवटी मत घेतात. अध्यक्ष विचारतात, सदस्य ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणतात. पुढे विधान परिषदेची संमती आणि राज्यपालांची सही झाली की कायदा होतो. विधान परिषदेत ७८ सदस्य असतात आणि तिथल्या प्रमुखांना सभापती म्हणतात.

अर्थसंकल्पाच्या दिवसांत खात्यांच्या मागण्यांवर चर्चा होते. सभागृहाने मंजुरी दिल्याशिवाय सरकारला तिजोरीतून खर्च करता येत नाही. आपल्या साकवाचा पैसाही अशाच मंजुरीतून खाली येणार.

कधी कधी सभागृहात फार गोंधळ होतो आणि बैठक तहकूब करावी लागते. प्रश्नांचा तास असा गेला तर लेखी उत्तर मिळते, पण उपप्रश्न विचारायची संधी जाते. ज्या गावाचा प्रश्न त्या दिवशी यादीत होता, त्या गावाचे नुकसान होते. भांडण कोणाचे आणि भोगतो कोण, असा हा प्रकार!

६. एका गावापासून कायद्यापर्यंत

गावातली गोष्ट खरोखर तिथपर्यंत पोहोचते का? पोहोचते. रोजगार हमीचे उदाहरण पाहा.

विठ्ठल सखाराम पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम मिळाले पाहिजे, असा विचार त्यांनी मांडला. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात १९६९ साली हा प्रयोग करून पाहिला. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर लोकांना कामाची गरज पडली तेव्हा योजना वाढली. पुढे १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. कामाची मागणी हा हक्क झाला. या कामासाठी पैसा हवा म्हणून १९७५ साली व्यवसाय कर आणला. बोईसरच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या पालकांनी आपली पगाराची पावती पाहावी. त्यात ‘व्यवसाय कर’ असे लिहिलेले दिसेल. तो कर असा सुरू झाला.

२००५ साली संसदेनेही संपूर्ण देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला. एका खेड्यातला प्रयोग दिल्लीपर्यंत गेला. त्याला वेळ लागला, पण प्रत्येक पायरीवर कोणीतरी लिहून ठेवले म्हणून तो गेला.

ध्यानात ठेवा

• दिवसाचा पहिला तास प्रश्नांचा.
• चांगला प्रश्न नेमका असतो : खरे आहे काय, काय केले, नसल्यास का नाही?
• बोललेले विरते, लिहिलेले वर जाते.

पालकांसाठी

आमची एक विनंती आहे. गावात वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. आपल्या जिल्ह्यात जिथे पेसा कायदा लागू आहे तिथे पाड्याची स्वतंत्र ग्रामसभाही होऊ शकते. येत्या ग्रामसभेला आई-बाबा दोघांनीही यावे. साकवाचा विषय काढावा आणि बोलून झाल्यावर लगेच उठू नये. ठराव वहीत लिहिला का, त्यात ओहोळाचे आणि पाड्याचे नाव बरोबर आहे का, हे वाचून घ्यावे आणि मगच सही करावी. ठरावाची एक प्रत मागून घ्यावी. ती आमदारांना देता येते. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी आम्हाला हाक मारावी. सातवीचा वर्ग वाचून दाखवील.

स्वाध्याय

१. तारांकित आणि अतारांकित प्रश्नांतील फरक सांगा.
२. बोईसर स्टेशनवर लोकल थांबत नसेल तर प्रश्न कोठे विचाराल? का?
३. जून ते सप्टेंबर रोजच्या हजेरीपटावरून ओहोळामुळे किती मुले किती दिवस गैरहजर राहिली ते मोजा आणि तक्ता करा. (हा तक्ता ठरावाला जोडता येईल.)
४. आपल्या पाड्यातील एक अडचण निवडा आणि वर दिलेल्या साच्यात चार कलमांचा प्रश्न लिहा. चांगले प्रश्न पुढच्या महिन्यात या फलकावर लावू.

– इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी