अलार्म वाजला, आता थांबू की निघू?

अगं, सतराव्या मजल्यावरचं ऑफिस मिळालं, ऐकून फार बरं वाटलं. पण याच आठवड्यात एक काम कर. फायर सेफ्टी बघणाऱ्या माणसाला गाठ आणि सरळ विचार, ‘अलार्म वाजला की सगळी इमारत एकदम रिकामी करायची, की टप्प्याटप्प्याने?’ दोन्ही पद्धती असतात आणि आपण काय करायचं, ते त्यावर ठरतं.

टप्प्यांची पद्धत असेल, तर आग लागलेला मजला आणि त्याच्या लगेच वरचा मजला आधी उतरतो. बाकीच्यांना तुटक तुटक वाजणारा भोंगा किंवा स्पीकरवरून ‘तयार राहा’ अशी सूचना मिळते. आपली पाळी आली की भोंगा सलग वाजतो. अशा इमारतीत जिना सगळ्यांना एकदम पुरेल एवढा रुंद नसतो. सगळेच घुसले, तर आगीजवळची माणसं दाराशीच अडकतात आणि वर चढणाऱ्या जवानांना वाट मिळत नाही. म्हणून त्या वेळी बूट घाल, फोन खिशात ठेव, फायर मार्शलकडे लक्ष दे. लिफ्टकडे फिरकूसुद्धा नकोस.

पण धूर दिसला, तर पाळीची वाट बघायची नाही. ताबडतोब निघायचं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ च्या मध्यरात्री एकच्या सुमाराला चौथ्या मजल्यावर आग लागली. बाहेरच्या आवरणावरून ती भराभर वर चढली, तरी ‘घरातच थांबा’ हा सल्ला पावणेतीनपर्यंत कायम होता. ७२ माणसं गेली.

इमारत आग अडवून धरते, तोवरच थांबण्यात शहाणपण आहे. ते अडवणं बरंचसं जिन्याच्या फायर डोअरवर अवलंबून असतं. सारखं उघडायचा कंटाळा म्हणून लोक त्याला खुर्ची नाहीतर आग विझवायचा सिलिंडरच टेकवून ठेवतात. मग धूर थेट जिन्यात शिरतो. तसं दिसलं की आधी ती वस्तू बाजूला कर. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

कुणी गरोदर असेल, कुणाचे गुडघे धरलेले असतील, तर त्यांच्यासाठी रेफ्युज एरिया, म्हणजे मदत येईपर्यंत थांबायची सुरक्षित जागा, कुठे आहे तेही बघून ठेव. तिथे खोकी रचलेली असतील, तर लेखी तक्रार कर.

आणि उद्याच संध्याकाळी एकदा जिन्याने खाली उतर. वाट पायाखालची असू दे, बाळा.