रेडिओवरच्या गायकाचे गाणे

मुलांनो, रेडिओवर गाणाऱ्याचा चेहरा आपणांस दिसत नाही. ऐकणारा आपल्या मनानेच त्याला एक चेहरा देतो. पुढे चित्रे दाखविणारी यंत्रे आली, तेव्हा या चेहऱ्याचे काय झाले?

१९७९ साली इंग्लंडमध्ये या विषयावरचे एक गाणे फार गाजले. 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार' हे त्याचे नाव. चित्रफितीने रेडिओवरच्या नामवंत गायकाचा बळी घेतला, असा त्याचा अर्थ. ट्रेव्हर हॉर्न, जेफ डाउन्स व ब्रूस वूली यांनी ते रचले आणि हॉर्न व डाउन्स यांच्या 'द बगल्स' या जोडीने ते लोकांपुढे आणले.

गाण्यातील मनुष्य १९५२ सालची आठवण सांगतो. तेव्हा तो लहान होता. अंथरुणात जागा राहून तो रेडिओवर आपल्या आवडत्या गायकाला ऐकत असे. आता त्या गायकाला कोणी विचारीत नाही. त्याचा गळा बिघडला, असे गाण्यात कोठेही म्हटलेले नाही. साधन बदलले, एवढेच.

पण खरी गंमत शब्दांपेक्षा आवाजात आहे. हॉर्नचा आवाज मुद्दाम असा बदलला आहे, की तो जुन्या रेडिओतून येत आहे असे वाटावे. जुन्या रेडिओतून फार खर्जातले किंवा फार उंच स्वर नीट उमटत नसत. त्यामुळे आवाज काहीसा चेपलेला, दुरून आल्यासारखा वाटे. मधूनमधून स्त्रियांचे स्वर येतात, ते मात्र स्वच्छ व ठसठशीत आहेत. डोळे मिटून ऐकले, तर एकाच गाण्यात दोन काळ ऐकू येतात!

या गाण्याचीही चित्रफीत निघालीच. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही गाण्यांच्या चित्रफिती दाखविणारी दूरचित्रवाहिनी सुरू झाली. तिने सर्वप्रथम कोणती चित्रफीत दाखविली असेल? हीच! ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच्याच खांद्यावर बसून गाणे पुढे निघाले.

रेडिओ मात्र मेला नाही. उलट, पुढे त्या वाहिनीवरच गाणी कमी व इतर कार्यक्रम अधिक होऊ लागले. आणि २००५ साली यूट्यूब सुरू झाल्यावर लोक हवे ते गाणे हवे तेव्हा पाहू लागले. आज हे गाणेही तेथे मिळते. ऐकाल तेव्हा एकदा चित्राकडे पाठ करून ऐका. १९५२ सालच्या त्या मुलाने ऐकले असते, तसे.