काविळीचा पाला वाटण्याआधी

भातलावणी आटोपली की पाम, टेंभी, कुंभवली या आसपासच्या गावांतून तापाचे रुग्ण येऊ लागतात. डोळे पिवळे दिसले की घरचे ठामपणे सांगतात, "कावीळ आहे डॉक्टर, हिला इंग्रजी औषध चालत नाही." हा समज जीवघेणा आहे. पिवळे डोळे हे लक्षण आहे. पावसाळ्यात त्यामागे लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) असू शकतो आणि तो साध्या प्रतिजैविकाने बरा होतो, पण औषध वेळेत पोटात गेलं तर!

एका शेतकरी बाईंच्या पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की उभं राहवेना. "लावणीने अंग आंबलंय" म्हणून मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या घेतल्या. त्या गोळ्या लेप्टोच्या तापात मूत्रपिंडाला आणखी इजा करू शकतात. मग कावीळ समजून मोबाइलवर पाहून पाल्याचा रस झाला. लघवी जवळजवळ थांबली तेव्हा दवाखाना आठवला. डायलिसिसवर त्या वाचल्या. नंतर बोलताना कळलं, लावणीच्या सुमारास त्यांची गाय गाभडली होती. गाय गाभडण्याची कारणं अनेक, पण लेप्टो हे त्यातलं एक. ते ना गुरांच्या डॉक्टरांना सांगितलं, ना मला.

लेप्टोचे जंतू उंदीर, गुरं, डुकरं, कुत्री यांच्या लघवीतून खाचरात उतरतात, ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे टिकतात आणि पायाच्या चिरांतून शरीरात शिरतात. पाणी नितळ दिसलं म्हणून ते सुरक्षित ठरत नाही. कचऱ्याने नाले तुंबले की तेच पाणी वस्तीत येतं. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली, ती अशीच. आणि हे जंतू पसरवणारे उंदीर खाणारी धामण दिसताच काठी उचलणाऱ्यांनो, कृपा करून तिला जाऊ द्या.

घाबरू नका, चिखलात उतरलेल्या प्रत्येकाला लेप्टो होत नाही. जखम झाकून, गमबूट घालून उतरा. प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन डॉक्टरांनी सांगितली तरच घ्या. गर्भवतींनी आणि लहान मुलांनी तर परस्पर मुळीच नाही.

ताप, पोटऱ्यांत कळा, लाल डोळे दिसले तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. लघवी कमी झाली, धाप लागली किंवा थुंकीत रक्त आलं तर थेट मोठ्या रुग्णालयात जा. खाचरात उतरला होतात का आणि गोठ्यात काय घडलं, हे न विचारता सांगा.